वाटेवरून परतलेले पाय



वारी या शब्दाचा अर्थ आपल्यापैकी पुष्कळांनी 'पंढरीला जाणे' एवढाच धरून ठेवला आहे. पण घरातले म्हातारे माणूस जेव्हा म्हणते की 'आज बाजाराच्या दोन वाऱ्या झाल्या', तेव्हा त्याला नुसते जाणे सांगायचे नसते. जाणे आणि परत घरी येणे, दोन्ही मिळून एक वारी होते. हा अगदी साधा अर्थ आहे. पण गळ्यात माळ घालून आणि वीस वर्षे पायी चालूनही तो आम्हांला कळला नव्हता. तो पुढे कळला, तोही पोथीतून नव्हे, एका फुटलेल्या टाचेतून आणि अर्ध्या वाटेवरून परतलेल्या एका माणसाकडून. ती हकीगत आज आपल्या पायांशी बसून सांगावी असे मनात आहे. तीत आमची शोभा नाही. पण जी चूक आपल्याला शिकवून गेली ती झाकून ठेवणे म्हणजे प्रसाद एकट्याने खाण्यासारखे आहे.

आमचे महागाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग गावावरून जातो. तालुक्यातून पूस नदी वाहते आणि हिवरा संगमाजवळ पैनगंगेला मिळते. जमीन काळी, कपाशीची. येथून पंढरपूर चारशे किलोमीटरांहून अधिक. जुन्या हिशेबाने सव्वाशे-दीडशे कोस म्हणा ना! आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि अडीचशे किलोमीटरांच्या आसपास चालून दशमीला पंढरीत येते. विदर्भातल्या माणसाची वाट त्याहून लांब. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी तर सातशे किलोमीटरांहून अधिक चालते. कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी येते, तीही दूरची. आमच्या दिंडीला पालखी नाही, घोडा नाही, नावही मोठे नाही. साठएक माणसे, एक वीणा, दोन मृदंग, टाळ, पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या आणि मागून सामानाची एक गाडी. रोज वीस किलोमीटर धरले तर बावीस-तेवीस मुक्काम होतात. म्हणून माउलींच्या पालखीच्या आधीच, ज्येष्ठ वद्य पक्ष लागला की आम्हांला घर सोडावे लागते.

आणि घर सोडायची ही वेळ कोणती? मृग लागून गेलेला असतो. शेतकऱ्याच्या हातात पाभर असायची ती वेळ. कोणाची पेरणी झालेली, कोणाची अर्धी, कोणी धूळपेरणी करून आभाळाकडे डोळे लावलेले. ज्याने आयुष्यात एकदाही पेरणी केली नाही त्याला या निघण्याची किंमत कळणार नाही. वारकरी टाळ वाजवीत वेशीबाहेर पडतो तेव्हा लोकांना त्याचा आनंद दिसतो. त्याचे अर्धे काळीज मागे तासात राहिलेले असते, ते दिसत नाही.

आता चालण्याविषयी. जे कधी पायी गेले नाहीत त्यांना वाटते की दिंडीत माणूस नामाच्या धुंदीत चालतो आणि त्याला काही दुखतखुपत नाही. असे सांगणारे कीर्तनकारही आम्ही ऐकले आहेत. बंधूंनो, हे खरे नाही. दुखते! चांगले दुखते. पहिल्या दिवशी उत्साह असतो, म्हणून कळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला उठताना पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. तिसरा दिवस सर्वांत जड. मांड्या एकमेकींना घासून सोलतात, तळव्याला फोड येतात, खांद्यावरच्या पडशीचा बंद कातडीत रुततो. पाऊस झाला असेल तर काळी माती पायताणाला अशी चिकटते की प्रत्येक पाऊल शेर-दोन शेराचे होते. शेवटी पायताण हातात घ्यावे तर काटे आहेतच. पाऊस नसेल तर डांबर तापते. आता महामार्ग रुंद झाला, सिमेंटचा झाला, वाहनांची सोय झाली; पण अनवाणी पायाला त्याची धग दुपारी चारपर्यंत सोसत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर थोडे नमते घेते. पोटऱ्या सैल होतात, श्वास पावलाशी जुळतो. पण नेमके तेव्हाच मन उठते. शरीराचे रडणे थांबले की मनाचे भांडण सुरू होते. अमक्याने पंगतीत आधी ताट घेतले, तमक्याने आपली झोपायची जागा धरली, मृदंगाची लय पळते, ह्याचा आवाज फाटका आहे. घरी वर्षभर शांत असणारा माणूस पाचव्या मुक्कामी पाण्याच्या एका बादलीवरून तोंड सोडतो. आम्ही हे दुसऱ्याचे सांगत नाही, स्वतःचेही सांगतो. हा पाचवा मुक्काम ज्याने ओळखला त्याला पुढची वाट सोपी जाते. तो ओळखायचा कसा? आपल्याला सगळेच चुकलेले दिसू लागले म्हणजे समजावे, की पाय नव्हे, आपणच दमलो.

आणि मग सातव्या-आठव्या दिवशी एक सकाळ येते. टाळ पडत असतो, पाऊल पडत असते, आणि किती चाललो, किती राहिले हा हिशेबच मनात उरत नाही. आजूबाजूची माणसे श्वासाइतकी जवळची वाटतात. बायाबापड्या आपल्याच घरातल्या होतात. एखाद्याचा डोळा उगीच भरून येतो आणि कोणी कारण विचारीत नाही. ही सकाळ कमवता येत नाही, ती मिळते. तिच्यासाठीच पुष्कळजण पुन्हा पुन्हा येतात.

आमच्याच गावचा एक तरुण पुण्यात नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर राजगड, तोरणा चढतो, त्याला तो ट्रेक म्हणतो. एका वर्षी तो दिंडीत आला. पायाने घोड्यासारखा! चार दिवसांनी म्हणाला, "काका, तिकडे चढ फार, पण हे जास्त कठीण आहे." का, म्हणून विचारले. म्हणाला, "तिकडे ज्याला झेपते तोच येतो. इथं आजीबाईच्या चालीनं चालावं लागतं." पोराने सहज सांगितले, पण दिंडीचे मर्म सांगितले. डोंगर चढणारा आपल्या पायाच्या जोरावर चालतो. दिंडी सर्वांत मंद पायाच्या चालीने चालते. हे ज्याला जमत नाही त्याने एकट्याने खुशाल चालावे, कोणी अडवीत नाही. पण त्या चालण्याला दिंडी म्हणू नये.

हे सगळे आम्ही आज शहाणपणाने लिहीत आहोत. 2014 साली हे आम्हांला कळत नव्हते.

त्या वर्षी आषाढी 9 जुलैला होती. जूनमध्ये पावसाने जी ओढ दिली ती आमच्या भागातला शेतकरी अजून विसरलेला नाही. आधीच्या एखाददुसऱ्या सरीवर विश्वासून कित्येकांनी सरकी टोबली होती. कोंब वर आले आणि करपले. आम्ही निघालो तेव्हा आभाळ कोरडे होते. उमरखेड झाले, पैनगंगा ओलांडली, कळमनुरी झाले. धुळीतच चाललो. औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेतले. ही जागा आपल्या संप्रदायात नामदेवरायांच्या गुरूंची म्हणून मानलेली. परंपरेत कथा सांगतात ती आपणांस ठाऊक आहे. नामदेवराय विसोबा खेचरांना शोधीत आले, तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवरायांना राग आला. विसोबा म्हणाले, बाबा, म्हातारा झालो आहे, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवरायांनी पाय जिकडे नेले तिकडे पिंडी! पाय ठेवायला देवावाचून रिकामी जागाच सापडेना. त्या रात्री मुक्कामी हीच कथा आम्ही निरूपणाला घेतली होती. माणसे डोलली. आम्हीही आपल्या वाणीवर खूष झालो. वाणीवर खूष झालेल्या माणसाची परीक्षा लांब नसते.

तेथून परभणी, आणि मग गंगाखेड. गोदावरीच्या काठचे हे जनाबाईंचे गाव. मुक्कामी पोचलो, पाय धुतले, आणि आमच्या दिंडीतला एक शेतकरी हातात मोबाईल घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. नाव सांगत नाही. चाळिशीचा, मितभाषी, टाळाचा पक्का माणूस. तोंड उतरले होते. म्हणाला, "बुवा, मले वापस जा लागते. बियाणं तं गेलंच. पण घरून फोन आला. भाऊ दोन रोजापासून जेवला नाही म्हणते. धुऱ्यावर जाऊन बसते, अंधार पडला तरी उठत नाही, कोणाशी बोलत नाही."

बंधूंनो, आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेली पंचवीसएक वर्षे देशाच्या कानावर कशाने गेले आहे, ते तुम्हांला सांगायला नको. धुऱ्यावर अंधारात गप्प बसलेला शेतकरी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पोराटोरालाही कळते. ते आम्हांला कळले नाही असे नाही. तरीही आमच्या तोंडून काय निघाले? आम्ही म्हणालो, "माळकरी माणसाने अर्ध्या वाटेवरून पाठ फिरवू नये. वारी मोडते. पांडुरंगावर भार टाक, तो सांभाळील."

तो मान खाली घालून उभा राहिला. आमचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. तेवढ्यात आमचे वयोवृद्ध विणेकरी, खांबाला टेकून बसले होते, ते म्हणाले, "पांडुरंग सांभाळीन ना. पण कोणाच्या हातानं सांभाळीन? जाय बापू. आताच जाय. भावाजवळ बस. काही शिकवू नको त्याले, नुसता बस. अन् एकटा सोडू नको." लगेच एकाने त्याला स्टँडवर नेले. नांदेडची गाडी मिळाली. तेथून उमरखेड आणि महागाव. त्याने टाळ आमच्या हाती दिले. ते आम्ही घेतले, पण मनात राग होता. वाटले, विणेकरीबुवांनी आमचा मान ठेवला नाही. आणि वाटले, गेला बिचारा, यंदाची वारी बुडाली त्याची.

जनाबाईंच्या गावात बसून आम्हांला असे वाटले, ह्याची आज लाज वाटते. ज्या माउलीने दळण-कांडण करता करता देवाला जात्याशी बसवले, तिच्या अंगणात आम्ही घरच्या कामाला वारीपेक्षा हलके ठरवीत होतो. सावता महाराजांची गोष्ट तर लहान मुलांनाही येते. अरणच्या मळ्यातून ते पंढरीला गेले नाहीत. देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. हे सारे आम्हांला पाठ होते. पाठ असणे आणि पोटात असणे यांत किती अंतर आहे, ते पुढच्या दोन दिवसांत कळायचे होते.

गंगाखेड सोडले आणि आमच्या उजव्या टाचेची भेग फाटली. आधी वाटले, नेहमीचे आहे. खोबरेल लावून फडके बांधले. परळीला वैजनाथाचे दर्शन घेताना टाच टेकवत नव्हती. रात्री कणकण आली. सकाळी पाहतो तो टाच लाल होऊन फुगलेली. परळीहून अंबाजोगाईची वाट बालाघाटाच्या डोंगरातली, चढ-उताराची. विणेकरीबुवा म्हणाले, "आज सामानाच्या गाडीत बसा. अंबाजोगाईले डॉक्टरले दाखवू."

आम्ही नाही म्हणालो. वीस वर्षांत आम्ही वारीत चाकाला पाय लावला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होते. ठाऊक असावे अशी व्यवस्था आम्हीच केली होती. दरवर्षी कोणा नव्या माणसाजवळ ते सहज बोलून जावे, अशी आमची जीभ तयार झालेली. दोन दिवसांपूर्वी ज्याला आम्ही 'पाठ फिरवू नये' म्हणून सांगितले, त्याच्या मागे आम्हीच गाडीत बसायचे? काठी घेतली आणि निघालो. तोंडाने नाम चालू होते, पण खरे सांगायचे तर त्या दिवशी आमचे ध्यान टाचेवरही नव्हते आणि विठ्ठलावरही नव्हते. ते लोकांच्या डोळ्यांवर होते. लोक पाहताहेत ना, की बुवा फाटलेल्या टाचेने चालताहेत?

आमच्या दिंडीचा शिरस्ता असा, की शेवटचा माणूस आल्याशिवाय वीणा मुक्कामात शिरत नाही, आणि वीणा आल्याशिवाय, हरिपाठ झाल्याशिवाय पंगत बसत नाही. आम्ही दहा पावले चाललो की थांबत होतो. चढावर तर पाच पावले. पुढे गेलेली माणसे झाडाखाली बसून वाट पाहत. दुपार टळली, सांज झाली, अंधार पडला. ज्या मुक्कामी चार वाजता पोचायचे तेथे आम्ही रात्री नऊला पोचलो. पुढे गेलेल्या माउल्यांनी स्वयंपाक करून ठेवला होता, भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. हरिपाठ सुरू झाला. आणि हरिपाठ चालू असताना मागच्या बाजूला गडबड ऐकू आली.

दिंडीत एक मावशी होत्या, पासष्टीच्या. त्यांना साखरेचा आजार. संध्याकाळची गोळी त्यांनी नेहमीच्या वेळी घेतली होती. जेवण आता होईल, मग होईल, म्हणून वाट पाहत बसल्या. वीणा आली नाही म्हणून त्यांनी भाकरीचा तुकडा तोडला नाही. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे साखर घसरते. अंगाला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, त्या काहीबाही बोलू लागल्या आणि बसल्या जागी कलंडल्या. दैवाने एका मुलीला हे ठाऊक होते. शुद्ध होती तोवर तिने घोट घोट गुळाचे पाणी पाजले. पाऊण तासाने मावशी सावरल्या, भाकरी खाल्ली. गावच्या माणसांनी डॉक्टर आणला, त्यांनी तपासले, धोका टळला म्हणाले. जाताना त्यांनी आमचीही टाच पाहिली, चीर देऊन पू काढला आणि दोन दिवस पाय टेकायचा नाही म्हणून बजावले.

रात्री साठ माणसे मुकाट्याने जेवली. आमच्या घशाखाली घास उतरेना. विणेकरीबुवा जवळ येऊन बसले. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "बुवा, पाय तुमचा हाये. पण चाल सगळ्यायची हाये." एवढेच बोलले आणि वीणा घेऊन पहाऱ्याला गेले.

बंधूंनो, त्या रात्री आम्ही झोपलो नाही. टाच ठणकत होती, पण त्या ठणक्याने नव्हे. ज्या निष्ठेचा आम्हांला अभिमान होता ती उलगडून पाहिली, तर तिच्या आत आमचेच नाव लिहिलेले दिसले. देह आम्ही देवाला दिला असे वाटत होते. प्रत्यक्षात तो कीर्तीला दिला होता. आणि तिची किंमत एका निरपराध मावशीच्या जिवाने चुकती व्हायची, ती थोडक्यात चुकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सामानाच्या गाडीत बसलो. पातेली, वळकट्या, पिठाची पोती आणि त्यांच्यामध्ये आम्ही. खरे सांगतो, चारशे किलोमीटर चालताना जे कष्ट झाले नाहीत ते त्या गाडीत चढताना झाले. जो तो पाहतो आहे असे वाटे. प्रत्यक्षात कोणी पाहत नव्हते. माणसे आपापल्या चालण्यात होती, नामात होती. आमच्या पायांकडे वीस वर्षे आमच्याशिवाय कोणीच पाहत नव्हते, हेही तेथेच कळले.

गाडी कळंबवरून तेरला आली. गोरोबाकाकांचे गाव. मंदिरात पाय ओढीत गेलो आणि बसलो. इथली कथाही आपल्या परंपरेत सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने एकेकाचे मडके पारखले, आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरले. नामदेवराय काही लहान भक्त होते का? देव त्यांच्याशी बोलत असे. मग कच्चे काय राहिले होते? थापटणे लागल्यावर ते दुखावले. 'मला?' हा जो शब्द आत उठला, तोच कच्चेपणा. तेथूनच त्यांना विसोबांकडे जावे लागले. आम्ही औंढ्याला त्या कथेचे निरूपण करून आलो होतो, आणि थापटणे बसले ते बालाघाटात. आमची वाटच उलटी!

पुढे बार्शी, आणि पुढे पंढरी. दशमीला लांबून कळस दिसला. सगळी दिंडी मातीत आडवी झाली, आम्ही गाडीतून उतरून आडवे झालो. चंद्रभागेत पाय बुडवले. पदस्पर्शाची रांग फार लांब, त्या पायाने उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून नामदेव पायरीला डोके टेकवले आणि कळसाला हात जोडले. मागे वीस वर्षे रांगेत उभे राहून चरणांवर डोके ठेवले होते. त्या वर्षी पायरीवरून फिरलो. पण पायरीवर डोके ठेवताना मनात एकच आले: तो माणूस घरी पोचला असेल का? भाऊ जेवला असेल का? स्वतःविषयी काही मागायचे सुचलेच नाही. पंढरीच्या पायरीवर स्वतःचा विसर पडण्याची ती आमची पहिली वेळ. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेतला आणि एस.टी.ने महागावला परतलो.

घरी येऊन दोन दिवसांनी त्याच्या वावरात गेलो. पाऊस उशिरा का होईना, झाला होता. दोघे भाऊ दुबार पेरणीला लागले होते. धाकटा कमी बोलत होता, पण बोलत होता. पुढे कळले ते असे. त्या रात्री हा गंगाखेडहून निघून पहाटे गावात पोचला, सरळ धुऱ्यावर गेला आणि भावाशेजारी बसला. उजाडेपर्यंत दोघे काही बोलले नाहीत. उजाडल्यावर धाकटा रडला. मग दोघांनी घरी येऊन चहा घेतला. बियाण्याचे पैसे कोठून उभे करायचे, कोणाला भेटायचे, हे नंतर ठरले. पुढचे आठ दिवस घरच्यांनी त्याला एकटे सोडले नाही, दवाखान्यातही नेऊन आणले.

आम्ही बुक्का आणि प्रसाद पुढे केला. वारीहून आलेल्याच्या पाया पडायची रीत आहे, तसा तो आमच्या पाया पडायला वाकला. आम्ही त्याला धरले आणि आम्हीच वाकलो. तो ओशाळला. म्हणाला, "बुवा, हे काय करता? माही तं वारी अर्धीच राहिली." आम्हांला काही बोलता आले नाही. त्याचे टाळ मात्र आम्ही परत दिले. पंढरीला कोणाला वाजवू दिले नव्हते, नुसते पायरीला लावून आणले होते.

आता तात्पर्य. 2020 आणि 2021 या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीला गेल्या, आणि लक्षावधी वारकरी घरीच राहिले. त्या वेळी पुष्कळांनी डोळ्यांत पाणी आणून विचारले, की आमची वारी चुकली का? आम्ही त्यांना ह्याच माणसाची गोष्ट सांगितली. विसोबांच्या कथेत पाय ठेवायला देवाविना जागा सापडली नाही. मग गंगाखेडहून महागावकडे वळलेले पाय काय देवावाचूनच्या जागी पडले? जाणे आणि परतणे मिळून वारी. तो आमच्या आधी परतला, म्हणून त्याची वारी आमच्या आधी पूर्ण झाली. आम्ही मात्र दिवसभर एकेक पाऊल पंढरीकडे टाकीत होतो आणि प्रत्येक पावलाला तिच्यापासून दूर जात होतो.

यावरून पायी चालणे व्यर्थ आहे असा अर्थ कोणी काढू नये. तसे म्हणणे आमच्या जिभेवर कधी येणार नाही. चालल्याशिवाय ती फाटलेली टाच नसती, ती रात्र नसती, आणि आत लिहिलेले आमचे नाव आम्हांला कधी दिसलेच नसते. घरी बसून अहंकार सापडत नाही, कारण घरी तो झोपलेला असतो. वीस दिवस चालवून, घामाने भिजवून, उपाशी ठेवून, परक्यांच्या ओसरीवर निजवून वारी त्याला जागा करते आणि आपल्यापुढे उभा करते. शरीर दमते ते दमू द्यावे. पण 'मी चाललो' हा आत बसलेला दमला की नाही, ते पाहावे. तो न दमता पंढरीला पोचला, तर चालणे नुसतेच चालणे झाले.

म्हणून यंदा निघणाऱ्यांना हात जोडून चार गोष्टी सांगतो. रोज मुक्कामी आपले पाय उजेडात पाहा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तर अनवाणी चालूच नये, कारण त्यांच्या तळव्याला जखम झालेली कळतही नाही. गोळी असेल तर अन्नाची वेळ चुकवू नये. वीणा आली नसली तरी चार घास खावेत, त्यात विठ्ठलाचा अपमान नाही. आमच्या दिंडीने तो शिरस्ता त्याच वर्षी बदलला. चालवत नसेल त्याने गाडीत बसावे आणि मान वर करून बसावे. आणि घरून असा फोन आला, तर कोणाला विचारीत बसू नये. टाळ शेजाऱ्याच्या हाती द्यावेत आणि मिळेल त्या गाडीने परतावे. गावी कोणी गप्प गप्प झाले असेल, तर निघण्यापूर्वीच त्याच्या धुऱ्यावर जाऊन बसावे. त्याला सोबत येता आले तर दिंडीत घ्यावे.

ते विणेकरीबुवा आता नाहीत. वीणा दुसऱ्या खांद्यावर गेली. आमची टाच भरली, पण खूण राहिली आहे. थंडीच्या दिवसांत ती ठणकते, तेव्हा त्यांचा शब्द ऐकू येतो, की पाय तुमचा आहे पण चाल सगळ्यांची आहे. तो ठणका जाऊ नये एवढेच मागणे पांडुरंगाच्या चरणी करून येथे थांबतो.

रामकृष्णहरी.